उन्हात लावलेली गाडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही माझ्या बायकोची, संयोगिताची. गाडीच्या खणात होती. तिने रोज तारीख लिहिली आहे आणि शेजारी एक आकडा. गाडीच्या छतावर काचेखाली सोलर पॅनल आहे, त्याने त्या दिवशी किती किलोमीटर जाण्याइतकी वीज बनवली, तो हा आकडा. शेवटचा ८ डिसेंबरचा आहे, ३.८. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुढची पानं कोरी आहेत, ती मी वापरतो आहे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं मी नदीची पातळी लिहिली. दुसरं काही लिहिण्याची सवय नाही.

आज अनुजाचा पुण्याहून फोन आला. जावईबापूंनी, म्हणजे राजवर्धननी, गाडीला गिऱ्हाईक बघितलं आहे. तो माणूस २३ मार्चला, रविवारी, गाडी बघायला येणार. तुम्हाला चालवता येत नाही, नुसती उभी राहून खराब होईल, असं अनुजाचं म्हणणं. मी "बघू" म्हटलं.

फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. नोकरीत साहेबांना बघू, घरी बायकोला बघू, आता लेकीला बघू.

गाडी विकायची नाही. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे फिरवता येणार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

खाली जाऊन गाडीवरचं कव्हर काढलं. बारा दिवस झाल्यावर पुण्याला परत जाताना राजवर्धननी गाडी अंगणातून इमारतीखाली आणून ठेवली आणि कव्हर घातलं. चांगल्या मनानेच केलं. आत बसून बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मला वाटलं माझंच चुकतंय, कारण ही चालू झाली तरी आवाज करत नाही.

वहीच्या मागच्या पानावर एक नंबर होता: सलमा, ड्रायव्हिंग स्कूल. संयोगिता आयटीआयमध्ये गाडी चालवणं आणि दुरुस्ती शिकवायची तेव्हाची ही तिची विद्यार्थिनी. फोन केला तर अर्ध्या तासात आली. चाळिशीची, उंच, बोलणं मोठ्याने. तिने बॉनेट उघडून पाहिलं आणि हसायलाच लागली.

"काका, उन्हावर चालणारी गाडी तुम्ही दोन महिनं सावलीत कोंडून मारलीय की."

छोटी बॅटरी उतरली होती. तिने आपल्या गाडीची वायर लावून ही चालू केली, बाहेर काढून अंगणात उन्हात लावली आणि मग मला ही गाडी काय आहे ते समजावलं. सगळं मला माहीत होतं, पण ऐकून घेतलं. आधी विजेवर चालते, वीज संपली की आपोआप पेट्रोलवर जाते, घरच्या प्लगवर चार्ज होते, आणि उन्हात उभी असली की छत थोडी थोडी भर घालत राहतं.

मी विचारलं, मला शिकवशील का. ती म्हणाली की तिच्या शाळेच्या पाटीवरच लिहिलंय, फक्त महिलांसाठी. मग म्हणाली, "मॅडमनी तुमचं नाव माझ्या वहीत दोनदा घातलंय. पयल्यांदा तुमची कंबर दुखत हुती. दुसऱ्यांदा काय झालतं?"

दुसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं. मी बघू म्हटलं होतं.

आजचा आकडा २.१. अर्धाच दिवस ऊन मिळालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिकाऊ परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टर म्हणाले, बासष्टाव्या वर्षी कशाला ही दगदग, आता ड्रायव्हर ठेवा. मी म्हटलं, डोळे तपासा. त्यांनी तपासले. डोळे चांगले आहेत.

४.२.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

परवाना मिळाला. सलमाने फुलेवाडीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. मी डाव्या पायाने क्लच शोधत होतो. ती म्हणाली, "हिला क्लच न्हाय काका. उद्यापासनं डावा पाय घरात ठिवून या."

वळण घेताना अंग घट्ट होतं. गाडी एवढी गुपचूप चालते की म्हशींनाही कळत नाही, एक म्हैस बाजूला झालीच नाही. सलमाने खाली उतरून तिला हाकललं आणि परत येऊन म्हणाली, म्हशीला वाटलं काका थांबलेत. खरं तर मी थांबलोच होतो.

मी सदतीस वर्षं या गाडीच्या आणि आधीच्या दोन गाड्यांच्या डाव्या सीटवर बसलो. लोक हसायचे. संयोगिता म्हणायची, हसू दे, पेट्रोल त्यांचं जात नाही. ही गाडी तिने निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशाने घेतली. परदेशातून आलेली, पुण्यातल्या एका साहेबांनी दोन वर्षं वापरलेली. राजवर्धन तेव्हा म्हणाले होते, दिवसभर उन्हात तापवून चार किलोमीटर मिळणार, तेवढं माणूस चालत जाऊन येतो. ती म्हणाली, चालणाऱ्याचंही काही फुकट होत नाही, भाकरी लागते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज भांडण केलं. माझ्या आठवणीत पहिलं.

अंगणात दिवसभर ऊन असतं ती एकच जागा आहे, पश्चिमेच्या भिंतीकडची. तिथे पहिल्या मजल्यावरच्या आक्का वर्षभराच्या चटणीच्या मिरच्या वाळत घालतात. सकाळी मी गाडी लावायला गेलो तर चटया पसरून झाल्या होत्या. मी म्हटलं, ही गाडीची जागा. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्या काही दबणाऱ्या नाहीत.

"भाऊ, सगळी दुनिया गाडीला सावली मागती. तुम्ही ऊन मागायलाय. तुमच्या गाडीत पेट्रोल घातलं तर चालंल. मिरचीत काय घालू?"

मी म्हटलं, मी जागा सोडणार नाही. आवाज माझाच होता पण मला ओळखू आला नाही. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघायला आले. आक्काही बघत राहिल्या. मग त्यांनी चटया एका बाजूला ओढून घेतल्या. त्यांना तेवढी जागा पुरेना. म्हणाल्या, तुमची काच छतावर हाय न्हवं, मग पुढच्या पत्र्यावर पसरते. मी हो म्हटलं.

तर आता गाडीच्या बॉनेटवर जुनं धोतर अंथरून मिरच्या असतात. सलमा शिकवायला आली की आधी चार शिंका देते.

आक्का आता रविवारी जोतिबाच्या खेट्यांना जातात. माघी पौर्णिमेपासून पाच रविवार अनवाणी डोंगर चढून जायचं, या वयातही त्या चुकवत नाहीत. कालच पहिला खेटा झाला.

३.४. ऊन कडक असूनही कमी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

२.६. आभाळ स्वच्छ आहे. गाडी दिवसभर उन्हात होती. समजत नाही.

सकाळी पुढच्या काचेवर गुलाबी धूळ होती, ती पुसली. रस्त्याने खेट्याची माणसं येतात जातात, त्यांच्या अंगाची असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, पॅनल खराब झालं असेल, पुण्याला आणावी लागेल, कदाचित पूर्ण छत बदलावं लागेल. राजवर्धनना कसं कळलं माहीत नाही, बहुतेक अनुजाला मी आकडे सांगतो त्यावरून. त्यांचा फोन आला. बिघाड वाढायच्या आत देऊन टाकू, गिऱ्हाईकाला मी सांभाळतो म्हणाले. प्रेमाने म्हणाले. मला जावयावर आवाज चढवता येत नाही. एवढंच म्हटलं की छत गेलं तरी चाकं आहेत.

पण खरं लिहायचं तर आज मन खचलं होतं. तिने ही गाडी छतासाठी घेतली होती. ती गेली आणि तीन महिन्यांत मी तेही घालवलं.

मंगळवार, ४ मार्च

१.९ वर आलं होतं. सलमाला सांगितलं. ती गाडीचं दार उघडून त्याच्या उंबऱ्यावर चढली आणि छताकडे वाकली. मी बुटका माणूस, मला छत कधी दिसतच नाही. तिने बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट गुलालाने लाल.

छतावर गुलालाचा थर होता. पहाटेच्या दवाने भिजून, दिवसा वाळून पापडासारखा झालेला. सलमा वर गॅलरीकडे बघून ओरडली, "आक्का, हे तुमचं काम व्हय?"

आक्का खाली आल्या. लपवलं नाही. खेट्याहून आल्यावर दर रविवारी वरूनच मूठभर टाकत होत्या, तीन रविवार. मी त्यांना सांगितलं की काचेवर ऊन पडलं नाही तर वीज बनत नाही. कंपनीवाला छत बदला म्हणत होता हेही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्या वाईट वाटल्यासारखं बोलत नाहीत.

"मला काय ठावं काचंचं. त्या दिवशी गाडी दारात भरलेली हुती आन चालवायला माणूस न्हवता. बाईंचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. आता तुम्ही चालवायला लागलाय, हे देवाला सांगायला नको?"

सलमा खाली बघत होती. मी आत गेलो. बादली आणली. देवाचा गुलाल कसा पुसायचा म्हणून थांबलो होतो, तर आक्काच म्हणाल्या, देवाला पोचलाय तो, धुवा आता. पुढच्या खेट्याला चाकावर टाकते.

छत सलमाने धुतलं, माझा हात पुरत नाही.

तो दिवस मी इथे लिहिलेला नाही. सगळ्या इमारतीला माहीत आहे असं दिसतं, तर वहीने काय पाप केलं आहे. सकाळी सहा वाजता तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी अंगणात, पूर्ण चार्ज केलेली. किल्ली भिंतीवर. रुग्णवाहिका लांबून यायची होती. मी नाक्यावर पळत गेलो, रिक्षा नव्हती, दुसरीकडे गेलो. शाहूपुरीतल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का झाला. मी सांगितलं, वाहन नव्हतं.

वाहन नव्हतं म्हणालो मी.

बुधवार, ५ मार्च

४.६. आजवरचा सर्वांत जास्त. छत चांगलं आहे. राजवर्धनना फोन करून सांगितलं. आपणहून केलेला पहिला फोन. ते म्हणाले, वा, मग गिऱ्हाईक खूश होईल.

शनिवार, ८ मार्च

गाडी उलटी घ्यायला शिकलो. खांब वाचला. मिरच्या सांडल्या.

बुधवार, १२ मार्च

सलमा म्हणाली, पन्हाळ्याच्या रस्त्याला चढावर घेऊन जाऊ. अर्ध्या चढावर वीज संपली आणि पेट्रोलचं इंजिन एकदम घरघरलं. माझा पाय ब्रेकवर गेला. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, त्याने हॉर्न धरला तो सोडेना. सलमा म्हणाली, घाबरू नका, गाडी तुम्हाला विचारत न्हाय, तिचं तिला कळतंय. मी पुढे नेली. वर जाऊन दोघांनी चहा घेतला. बिनसाखरेचा सांगायच्या आधीच तिने माझ्यासाठी तसाच सांगितला. बहुतेक सगळे या वयात बिनसाखरेचाच घेतात, म्हणून सांगितला असेल.

फीचं विचारलं की ती विषय बदलते. शिकवणं झालं की एकदम सांगेल.

मंगळवार, १८ मार्च

परवान्याच्या परीक्षेत पास झालो. साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बॉनेटवर मिरचीचं बी कसं हे विचारलं.

संध्याकाळी अनुजाला कळवलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. अभिनंदन पप्पा म्हणाली, मग म्हणाली, "जवळपासच फिरवा. शाहूपुरीकडं नका नेऊ हं, तिकडं गर्दी असते."

गर्दी कुठे नसते. मला गर्दीत गाडी चालवता येणार नाही असं तिला अजून वाटतं. परवाना सरकारने दिला, लेक द्यायला तयार नाही.

शाहूपुरीलाच जाणार.

गुरुवार, २० मार्च

सकाळी सहाला निघालो. मुद्दाम तीच वेळ. डावी सीट रिकामी होती. रंकाळ्याकडून गेलो, दोन सिग्नल पिवळे होते, रस्ता मोकळा. दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी थांबवून घड्याळ बघितलं.

अकरा मिनिटं.

एकतीस वर्षं आकडे लिहिले. पूर आला तरी हात हलला नाही, कारण आकडा नदीचा होता. हा माझा आहे.

मी तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. वॉचमनने येऊन विचारलं, पेशंट हाय काय पावणं? न्हाय म्हटलं.

हे अनुजाला कळता कामा नये. आता पहिल्यांदा वाटलं की गाडी जाऊ दे त्या गिऱ्हाईकाकडे. रोज खाली उतरलं की ती अकरा मिनिटं दारात उभी असणार. घरी येताना दोनदा वाटलं, रस्त्याच्या कडेला लावून किल्ली आत टाकावी आणि चालत जावं.

पण घरापर्यंत चालवत आणली. उन्हात लावली. आक्कांनी धोतर अंथरलं.

शनिवार, २२ मार्च

सलमा फी घ्यायला आली म्हणून बरं वाटलं, तर ती फी घ्यायला आली नव्हती. सहज आले म्हणाली. मी तिला अकरा मिनिटांचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "काका, माझ्याकडं बायका येत्यात शिकायला. निम्म्या अशाच येत्यात. काहीतरी झाल्यावर." बराच वेळ बसली.

अनुजा आणि जावईबापू उद्या सकाळी येणार. मी ठरवलं आहे. विकायची नाही, आणि लपवायचंही नाही. एकदा वाहन नव्हतं म्हणालो, तेवढं खोटं पुरे झालं. ती रागावेल. माझ्याशी बोलणार नाही कदाचित. बोलू नये, तिचा हक्क आहे. पण गाडी विकून ते मिटवणार नाही.

रविवार, २३ मार्च

गिऱ्हाईक अकराला आलं. कोडोलीचे गूळ व्यापारी, पांढरे कपडे, बोलायला गोड. राजवर्धन त्यांना खाली गाडी दाखवत होते. आक्कांनी बॉनेटवरच्या मिरच्या काढल्या नव्हत्या. राजवर्धननी दोनदा सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही.

मी अनुजाला स्वयंपाकघरात थांबवलं. ती चहाचे कप धूत होती. मी उभ्यानेच सांगितलं. गुरुवारी सकाळी सहाला गाडी घेऊन दवाखान्यापर्यंत गेलो. अकरा मिनिटं लागली. त्या दिवशी मला चालवता येत असती तर अकरा मिनिटांत पोचलो असतो. तुझी आई मला दोनदा शिकायला पाठवत होती, मी गेलो नाही. हे तुला कळायला पाहिजे.

नळ चालू होता. तिने तो बंद केला. पाठमोरीच होती.

"फोन बारा दाखवतो," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

ती म्हणाली की डिसेंबरात, पुण्याहून गाडीत बसून इकडे येत होती तेव्हाच, तिने फोनवर आपलं घर आणि तो दवाखाना टाकून बघितलं होतं. सकाळी सहाची वेळ टाकून. बारा मिनिटं. तीन महिने तिने ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मग मला कधी बघायला लागू नये म्हणून गाडी घरातून काढायला निघाली. शाहूपुरीकडे जाऊ नका म्हणाली तेही त्यासाठीच.

"पप्पा, तुम्ही बघणार हे मला माहीत होतं. तुम्ही मोजल्याशिवाय राहत नाही."

मी म्हटलं, तू रागावली नाहीस? ती म्हणाली, रागावले होते, डिसेंबरभर. आईवरही. गाडी शिकवणारी बाई असून घरातल्या माणसाला शिकवता आलं नाही म्हणून. मग मला रडायला आलं आणि तिलाही. एवढंच लिहितो.

खालून राजवर्धननी हाक मारली. मी तोंड धुवून एकटाच खाली गेलो. व्यापाऱ्यांनी छतावर हात ठेवला होता. म्हणाले, वस्तू चांगली आहे, पण छताचा तसा काही उपयोग नाही म्हणतात, चारच किलोमीटर.

मी त्यांचा हात उचलून खाली ठेवला. काचेवर बोटं उमटतात.

"पावणं, चहा घेऊन जावा," मी म्हटलं. "गाडी द्यायची न्हाय."

राजवर्धन ओशाळले. पप्पा, यांना मी कोडोलीहून बोलावलंय, म्हणाले. व्यापाऱ्यांनाही राग आला असावा. द्यायची नव्हती तर दाखवली कशाला, असं त्यांनी विचारलं. रास्त आहे. बाकीचं त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "गाडी वापरात आहे."